वाळवणयंत्राची कैफियत

अमेरिकेच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या नॉर्थ डाकोटा राज्यात पौष-माघाच्या दिवसांत धुतलेले कपडे बाहेर दोरीवर टाकले, तर घटकाभरात ते गोठून ताठ होतात. सदऱ्याच्या बाह्या वाऱ्यातही न हलता जागच्या जागी थबकतात, चिमटे काढताना बोटांची कातडी सोलवटते, आणि कोरड्या थंड हवेत त्या बर्फाची सावकाश वाफ होऊन वस्त्र खरोखर कोरडे होईपर्यंत गृहिणीचा जीव मेटाकुटीला येतो. याच प्रांतातल्या जे. रॉस मूर नावाच्या एका शेतकऱ्याने, आपल्या आईला दर हिवाळ्यात हे कष्ट उपसताना पाहून, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घराशेजारी एक खोपटे उभारले, त्यात शेगडी पेटवली आणि दोऱ्या बांधून ओले कपडे त्या उबेत टांगले, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. टांगलेल्या कपड्यांवरून त्याची बुद्धी पुढे फिरत्या पिंपाकडे वळली, आणि त्या पिंपापायी त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली. त्या खटपटीतून जे यंत्र जन्मास आले, त्याचेच वंशज आज अमेरिकेतील बहुसंख्य घरांच्या तळघरांत, वाहनगृहांत किंवा स्वयंपाकघराशेजारच्या अरुंद खोल्यांत फिरत असतात. तेथील लोक त्याला ‘ड्रायर’ म्हणतात, आणि त्या देशात स्थायिक झालेली आपली मराठी माणसेही तेच म्हणतात.

या यंत्राचा इतिहास त्याच्या निर्मात्यांच्या आणि कारखान्यांच्या नावांनी सांगता येतो, व तो मी सांगणारही आहे. परंतु मला त्याहून अधिक अगत्याचा वाटतो तो त्याच्या आवाजाचा इतिहास. ज्या घरात ड्रायर आहे त्या घरात तो एके दिवशी कुरकुरू लागतो, मग किंचाळतो, मग धडधडतो, आणि घरची माणसे त्या गोंगाटाला वैतागून नवे यंत्र आणण्याची भाषा करू लागतात. वस्तुतः तो गोंगाट ही त्या यंत्राची सविस्तर आणि प्रामाणिक कैफियत असते. कोणता भाग झिजला, किती झिजला आणि आणखी किती दिवस तग धरील, याचा तपशील तीत असतो. ऐकणाऱ्याला ती उमजली पाहिजे एवढेच. ती उमजण्याची विद्या अमेरिकेतील कारागिरांनी आणि सामान्य गृहस्थांनी दोन-तीन पिढ्यांत घडवली, आणि ज्या रचनेच्या साधेपणामुळे ही विद्या शक्य झाली तो साधेपणा मूरच्या पिंपापासून चालत आलेला आहे.

मूरच्या आधी कोणी हा विचार केला नव्हता असे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पोशाँ नावाच्या एका गृहस्थाने छिद्रे पाडलेले धातूचे पिंप विस्तवावर धरून हाताने फिरविण्याची युक्ती काढली होती, असे सांगतात. त्यात कपडे वाळत, पण त्यांना धुराचा वास लागे आणि क्वचित ते करपतही. पुढे ७ जून १८९२ रोजी ओहायो राज्यातील डेटन येथील जॉर्ज टी. सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाला अमेरिकन सरकारकडून एका साधनाची सनद मिळाली. घरातील चुलीच्या उष्णतेचा उपयोग होईल अशा बेताने कपडे अडकविण्याची ती चौकट होती, आणि तीत फिरणारा असा एकही भाग नव्हता. गुलामगिरी नष्ट होऊन तीस वर्षेही झाली नव्हती अशा काळात, ज्या समाजातील स्त्रिया परक्यांचे कपडे धुऊन उपजीविका करीत होत्या त्या समाजातील एका माणसाने वाळवणाच्या प्रश्नाला हात घालावा, याचे मला फार महत्त्व वाटते. शहरांतील मोठ्या बाष्पचलित धुलाईखान्यांत फिरत्या पिंपांची यंत्रे विसाव्या शतकाच्या आरंभी येऊ लागली होती. परंतु ती बाष्पपात्रावर चालत, त्यांना स्वतंत्र इमारत लागे, आणि सामान्य कुटुंबाला त्यांचा लाभ धोब्याच्या बिलापुरताच होई.

घरोघरची वहिवाट वेगळी होती. अमेरिकेत सोमवार हा धुण्याचा आणि मंगळवार हा इस्त्रीचा, असा जणू अलिखित जाबता होता. सोमवारी पहाटे पाणी तापवावयाचे, दिवसभर घासावयाचे, पिळण्याच्या रुळांतून एकेक वस्त्र काढावयाचे आणि संध्याकाळच्या आत दोरीवरून उतरवावयाचे. पाऊस आला तर सारा आठवडा विस्कटे. ज्या गावांत कोळशाच्या भट्ट्या होत्या तेथे दोरीवरचे पांढरे वस्त्र काजळी घेऊनच घरात येई. न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत समोरासमोरच्या इमारतींच्या खिडक्यांमध्ये कप्प्यांवरून दोऱ्या ताणलेल्या असत. त्या काळच्या छायाचित्रांत गल्लीवरच्या आकाशाची पट्टी कपड्यांनी झाकून गेलेली दिसते.

मूरचे पिंप तयार झाले तरी ते बांधणारा कारखानदार त्याला लवकर मिळेना. अखेर विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी टू रिव्हर्स नावाचे जे लहानसे गाव आहे, तेथील हॅमिल्टन कंपनीने त्याची कल्पना स्वीकारली. ही कंपनी मूळची लाकडी मुद्राक्षरे करणारी. जाहिरातींच्या मोठ्या फलकांसाठी लागणारे लाकडी टाइप करण्याचा उद्योग जेम्स एडवर्ड हॅमिल्टन याने १८८० मध्ये तेथे सुरू केला, आणि पुढे त्या व्यवसायात देशात तिची बरोबरी करणारा कोणी उरला नाही. आज त्या गावात लाकडी मुद्राक्षरांचे संग्रहालय आहे आणि जगभरचे मुद्रक तेथे जातात. मात्र ज्या कंपनीने अक्षरे कापली तिनेच घरगुती ड्रायर बाजारात आणला, ही गोष्ट मुद्रणाच्या इतिहासात क्वचित सांगितली जाते आणि गृहोपयोगी यंत्रांच्या इतिहासात तिचा उल्लेख तळटिपेपलीकडे जात नाही.

कंपनीने प्रथम बांधलेले यंत्र म्हणजे धातूची एक बंद पेटी होती. तिचे रूप सुधारण्यासाठी मिलवॉकी येथील रचनाकार ब्रुक्स स्टीव्हन्स यास पाचारण करण्यात आले. आत काय चालले आहे हे दिसत नसेल तर अशा पेटीसाठी कोणी पैसे मोजणार नाही, हे त्याने ओळखले. त्याने दरवाजाला काचेची खिडकी लावण्यास सुचविले, आणि दुकानात रंगीबेरंगी वस्त्रे आत घालून यंत्र चालू ठेवावे, म्हणजे येणारा-जाणारा थांबून पाहील, असाही सल्ला दिला. १९३८ मध्ये हे यंत्र ‘जून डे’, म्हणजे जूनमधला दिवस, या नावाने विक्रीस आले. आपल्याकडे जून म्हणजे मृगाच्या सरी आणि माजघरात बांधलेल्या दोऱ्या. विस्कॉन्सिनच्या माणसाला मात्र उबदार आणि प्रकाशमान दिवसांची आठवण त्या शब्दाने होते.

नावाजलेली वस्तू घरोघर पोहोचावयास तरीही दीड-दोन दशके लागली. १९३० च्या सुमारास अमेरिकेतील शहरी घरांपैकी बहुतेकांत वीज होती, परंतु शेतावरील दहा घरांपैकी जेमतेम एकात ती पोहोचली होती. १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचे स्वतंत्र खाते निर्माण झाल्यावर तारा खेड्यांकडे वळल्या. ड्रायर बाजारात येऊन चार वर्षे होतात न होतात तोच दुसऱ्या महायुद्धामुळे घरगुती यंत्रांचे उत्पादन थांबले आणि कारखाने लष्करी कामाला जुंपले गेले. युद्ध संपले, परतलेल्या सैनिकांसाठी उपनगरे उभी राहिली, आणि प्रत्येक नव्या घरात विजेची यंत्रे असावीत यासाठी वीज कंपन्या व यंत्रनिर्माते एकत्र आले. जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस यांनी १९५६ मध्ये विजेच्या घराचा जो देशव्यापी प्रचार सुरू केला, त्यात धुलाईयंत्राशेजारी ड्रायर असणे हे सुस्थितीचे लक्षण म्हणून मांडले गेले. सोमवारचा जाबता येथून ढिला झाला. दोरीची गरज संपली तसा वारही सुटला, आणि धुणे आठवड्यातल्या कोणत्याही रात्री होऊ लागले.

त्या काळात कारखान्याकारखान्यांत जी घडण स्थिरावली, तिचे अंतरंग उघडून पाहणाऱ्याला प्रथम आश्चर्य वाटते ते भागांच्या अल्पसंख्येचे. एक पिंप, एक मोटर, एक पट्टा, पट्ट्याला ताण देणारी एक स्प्रिंगयुक्त कप्पी, पिंपाचा भार वाहणारे दोन किंवा चार रोलर, पुढच्या बाजूला पिंपाची कड टेकण्यासाठी नमद्याची गादी किंवा गुळगुळीत चकत्या, गरम हवा ओढणारा एक पंखा, आणि उष्णता देणारी विजेची तार किंवा वायूची ज्योत. फिरणाऱ्या भागांचा हिशेब एवढ्यात संपतो. काही निर्मात्यांनी मागच्या रोलरांऐवजी पिंपाच्या पाठीमागे मध्यभागी एक आखूड आस आणि त्याला आधार देणारे बेअरिंग योजले. पण कोणत्याही घडणीत दंतचक्रांची पेटी नाही, आणि गती कमी करण्याचे सारे काम एकटा पट्टा करतो.

तो ते कसे करतो हे पाहण्यासारखे आहे, कारण आवाजाच्या निदानाचे सारे रहस्य येथे आहे. अमेरिकेतील विजेची वारंवारता सेकंदाला ६० आवर्तने असल्यामुळे त्या विजेवरची नेहमीची मोटर मिनिटाला सुमारे १,७२५ फेरे घेते. तिच्या आसावरील कप्पी जेमतेम पाऊण इंच व्यासाची असते. पट्टा तेथून निघून सरळ पिंपाच्याच भोवती गुंडाळलेला असतो, आणि पिंपाचा व्यास सुमारे २६ इंच भरतो. म्हणजे पिंप हीच एक प्रचंड कप्पी झाली, आणि चौतीसपट व्यासामुळे तिची गती मिनिटाला पन्नास फेऱ्यांवर येते. ही गती निर्मात्यांनी विचाराने ठरवलेली आहे: पिंप फार जोरात फिरले तर कपडे त्याच्या भिंतीलाच चिकटून राहतील, फार सावकाश फिरले तर तळाशीच लोळत पडतील, पन्नासाच्या आसपास ते भिंतीबरोबर वर चढतात आणि माथ्याजवळून गरम हवेच्या झोतातून खाली पडतात. पिंपाखालचे रोलर सुमारे तीन इंच व्यासाचे असल्याने त्यांना मिनिटाला सव्वाचारशेहून अधिक फेरे घ्यावे लागतात. आणि पट्टा, जो एका अत्यंत प्रचलित घडणीत सुमारे ९२ इंच लांबीचा असतो, तो पिंपाच्या परिघाहून थोडा लांब असल्यामुळे मिनिटाला साधारण पंचेचाळीस वेळा आपला पूर्ण फेरा संपवतो.

अशा रीतीने एकाच पेटीत चार वेगवेगळ्या लयी एकाच वेळी चालू असतात, आणि ज्या भागात दोष उत्पन्न होतो तो आपल्याच लयीत बोलतो. घड्याळ हाती धरून ठोके मोजणाऱ्याला म्हणूनच पेटी उघडण्यापूर्वीच पुष्कळ काही कळते. ‘धप्‌... धप्‌’ असा संथ ठोका मिनिटाला पन्नासच्या जवळपास पडत असेल, तर दोष पिंपाच्या अंगावर किंवा पट्ट्याच्या सांध्यात शोधावा. यंत्र पुष्कळ दिवस न वापरता पडून राहिले असेल आणि दहा-पंधरा मिनिटांत ऊब लागताच ठोका मावळत असेल, तर पट्ट्याला बसून बसून वळण पडले होते एवढेच, त्याची चिंता करू नये. तोच ठोका द्रुत असेल, सेकंदाला सातच्या आसपास, इतका की मोजण्यापेक्षा तो अंगाला जाणवतोच अधिक, तर रोलर एका बाजूने चपटा झाला आहे किंवा त्याचे रबर सुटू लागले आहे. ठोके अजिबात वेगळे न ऐकू येता, दूर कोठे जाते फिरत असावे तशी अखंड घरघर येत असेल आणि ती पिंपाच्या गतीशी कोणताही संबंध दाखवीत नसेल, तर कान मोटरीच्या वेगाकडे न्यावा. पंखा मोटरीच्याच आसाच्या दुसऱ्या टोकावर बसवलेला असतो, तो बहुधा प्लॅस्टिकचा असतो, आणि त्याच्या मध्यावरील भोक कालांतराने झिजून तो आसावर सैल होतो; किंवा त्याच्या घरात कपड्यांतून सुटलेल्या लवेचा गोळा, नाणे, क्वचित अंतर्वस्त्रातून निसटलेली तार जाऊन बसलेली असते.

किंचाळण्याची गोष्ट निराळी. ठोका हा आकाराच्या विकृतीचा परिणाम असतो, किंचाळी ही कोरड्या घर्षणातून उठते. ताण देणाऱ्या कप्पीचा आस कोरडा पडला, अथवा रोलर ज्या खुंटीवर फिरतो ती खुंटी लवेने आणि जळलेल्या वंगणाने माखली, की ती किंचाळी आरंभी यंत्र सुरू होतानाच काही क्षण ऐकू येते, मग ओल्या, जड कपड्यांच्या वेळीच येते, आणि अखेर कायमची होते. येथे पुष्कळ गृहस्थ जे करतात ते करू नये असे कारागीर कळकळीने सांगतात: हाती लागेल ते पातळ तेल फवारू नये. उष्णतेने ते लवकर उडून जाते, जे उरते ते लव धरून ठेवते, आणि महिन्याभरात किंचाळी पूर्वीपेक्षा चढ्या स्वराने परतते. झिजलेला रोलर आणि झिजलेली कप्पी बदलणे हाच इलाज, आणि हे भाग स्वस्त असतात. रोलर बदलावयाचे तर सर्व एकदम बदलावेत. एक नवा आणि एक जुना असला तर पिंप किंचित तिरपे फिरते आणि नव्याची झीज लवकर होते.

एक आवाज मात्र अंगावर काढू नये असा असतो. धातूवर धातू खरवडला जाण्याची करकर. पुढची नमद्याची गादी किंवा चकत्या संपल्या, म्हणजे पिंपाची कड पत्र्यावर घासू लागते. या वेळी कपड्यांवर तपकिरी किंवा काळसर ओरखडे उमटतात, आणि पुष्कळदा घरच्या माणसांना दोष प्रथम आवाजावरून नव्हे तर त्या डागांवरूनच कळतो. मागच्या आसाची घडण असेल तर बेअरिंग संपल्याने हीच करकर पाठीमागून येते. अशा यंत्राला आणखी एकही फेरा घेऊ देऊ नये, कारण चकत्यांच्या किमतीचे काम पिंपाच्या किमतीवर जाते.

निदानाचा क्रम कारागिरांत जवळजवळ सर्वत्र एकच आढळतो, आणि त्यामागे चांगले तर्कशास्त्र आहे. प्रथम यंत्र रिकामे चालवून पाहावयाचे, कारण अर्ध्या तक्रारी खिशातल्या नाण्यांच्या आणि पँटच्या धातूच्या गुंड्यांच्या असतात. यंत्र जमिनीवर सम पातळीत उभे आहे ना, हे पाहावयाचे. मग विजेची जोडणी काढून, वायूवर चालणारे असेल तर वायूची चावी बंद करून, पिंप हाताने सावकाश फिरवावयाचे. मोटरीचा गोंगाट नसताना झिजलेल्या रोलरची अडखळण तळव्याला कळते. त्यानंतर वरचे झाकण आणि पुढचा पत्रा उतरवून पट्टा कप्पीवरून सोडवावयाचा. पट्टा सुटला की पिंप एकीकडे आणि मोटर-पंखा दुसरीकडे, असे यंत्राचे दोन स्वतंत्र पक्ष होतात. एकेकाला फिरवून पाहिले की दोषी पक्ष आपोआप ठरतो. जाणता कारागीर पट्टा काढलेल्या स्थितीत मोटर क्षणभर चालवूनही पाहतो. काही घडणींत पट्टा नसला तर मोटर चालू न देणारा खटका असतो, त्याची माहिती त्याला असते; अनभिज्ञाने उघड्या यंत्रात वीज सोडू नये, कारण विजेवर तापणाऱ्या यंत्रात उष्णतेसाठी २४० व्होल्टचा प्रवाह आणलेला असतो.

ही विद्या कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नाही. ती दुकानांच्या पाठीमागच्या खोल्यांत, वडिलांबरोबर तळघरात दिवा धरून उभ्या राहिलेल्या मुलांकडून आणि निर्मात्यांनी स्वतः छापलेल्या पत्रकांतून पसरली. पुष्कळ यंत्रांच्या आतच, नियंत्रणपट्टीच्या मागे किंवा तळच्या पत्र्याआड, घडी घातलेला एक कागद ठेवलेला असतो: विद्युत्‌मार्गाची आकृती, मोजमापे, तपासणीचा क्रम. जो पेटी उघडील त्याच्याच दृष्टीस तो पडावा अशी ती योजना होती. सीअर्स कंपनीसाठी व्हर्लपूलने घडवलेल्या यंत्रांची मूळ रचना दशकानुदशके फारशी बदलली नाही, त्यामुळे एका पिढीने विकत घेतलेल्या यंत्रात पुढच्या पिढीच्या काळी विकला जाणारा पट्टा बसे. आयोवा राज्यातील न्यूटनच्या मेटॅग कंपनीने तर १९६७ पासून एका रिकामटेकड्या दुरुस्ती-कारागिराचे पात्र जाहिरातींत उभे केले. आमची यंत्रे बिघडतच नसल्यामुळे त्याला कोणी बोलावीत नाही, असा त्या जाहिरातीचा आशय. जेस्सी व्हाइट या नटाने ते पात्र घराघरांत नेले. त्या कंपनीची मालकी २००६ मध्ये व्हर्लपूलकडे गेली आणि २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला.

आवाजाकडे दुर्लक्ष करण्याची किंमत केवळ पैशांत मोजण्याची नसते. ओल्या कपड्यांतून सुटणारी लव गाळणीत अडकते, पण सारी अडकत नाही. ती मोटरीभोवती, उष्णतेच्या तारेजवळ आणि बाहेर जाणाऱ्या नळीत साचत जाते. अमेरिकन अग्निशमन प्रशासनाच्या एका अहवालानुसार २००८ ते २०१० या काळात तेथील निवासी इमारतींत ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागल्या, आणि वेळच्या वेळी साफसफाई न करणे हे त्यांचे सर्वांत मोठे कारण आढळले. पंख्याची घरघर वाढते तेव्हा पुष्कळदा कोंडलेली लवच बोलत असते. आवाजासाठी उघडलेली पेटी झाडून-पुसून, नळी सुटी करून स्वच्छ केल्याखेरीज मिटवू नये, हा कारागिरांचा दस्तुर मला म्हणूनच फार शहाणपणाचा वाटतो.

१९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्याने अमेरिकेचे दरवाजे आशियाई देशांतील लोकांना उघडले, आणि त्यानंतर महाराष्ट्रातून गेलेल्या अभियंत्यांच्या, वैद्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संसारांत या यंत्राचा प्रवेश झाला. आरंभी इमारतीच्या तळघरातील नाणी टाकून चालवावयाचे सामायिक यंत्र, आणि पुढे न्यू जर्सीत किंवा शिकागोच्या उपनगरात स्वतःचे घर झाल्यावर स्वतःचे. सुती साड्यांना त्यात पीळ बसतो, रेशमी वस्त्र त्यात घालता येत नाही, ही गोष्ट प्रत्येक घर थोड्या नुकसानीनेच शिकले. आणि महाराष्ट्रातून चार-सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांनी परसदारी लख्ख ऊन पाहून दोरी कोठे बांधावी असे विचारले, की अनेक ठिकाणी त्यांना सांगावे लागले की वसाहतीच्या नियमांनुसार बाहेर कपडे वाळत घालण्यास मनाई आहे. हे नियम शोभेच्या आणि घरांच्या किमतीच्या नावाखाली झाले. त्यांच्याविरुद्ध पुढे चळवळ झाली. फ्लॉरिडाने पूर्वीच अशा मनाईला कायद्याने प्रतिबंध केला होता, २००८ मध्ये कोलोराडोने आणि २००९ मध्ये मेन व व्हरमाँट या राज्यांनी कपडे उन्हात वाळविण्याचा हक्क विधिसंमत केला. सूर्यप्रकाशात सदरा वाळत घालण्यासाठी विधिमंडळात जावे लागावे, ही ड्रायरच्या विजयाची मर्यादा ओलांडलेली अवस्था होती, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्र हिमवर्षावातल्या गृहिणीसाठी जन्मले होते, उन्हावर बंदी घालण्यासाठी नव्हे.

अलीकडच्या यंत्रांची कैफियत वाचणे मात्र कठीण होत चालले आहे. युरोपात १९९० नंतरच्या दशकात उष्णतापंपावर चालणारे ड्रायर आले. ते बाहेर हवा सोडत नाहीत, वीज पुष्कळ कमी खातात, आणि या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांत शीतकपाटासारखा संपीडक असतो, पाणी उपसणारा छोटा पंप असतो, आणि त्यांचे आवाज जुन्या चार लयींत बसत नाहीत. साध्या घडणीच्या यंत्रांतही तापमान आणि ओलावा मोजणारी विद्युत्‌मंडले शिरली आहेत. रोलरचा दोष अजून कानाने कळतो, पण पेटीतील घडीचा कागद अनेक ठिकाणी नाहीसा झाला आहे, आणि सुटे भाग केवळ अधिकृत कारागिरासच मिळतील अशी व्यवस्था काही निर्मात्यांनी केली.

या व्यवस्थेविरुद्ध कायदे होऊ लागले आहेत. मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांत १ जुलै २०२४ पासून निर्मात्यांनी गृहोपयोगी यंत्रांचे सुटे भाग, हत्यारे आणि दुरुस्तीची कागदपत्रे मालकाला आणि स्वतंत्र कारागिराला उपलब्ध करून दिली पाहिजेत असा नियम अमलात आला. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने शंभर डॉलरांहून अधिक किमतीच्या वस्तूसाठी ही जबाबदारी त्या नमुन्याचे उत्पादन थांबल्यापासून सात वर्षे ठेवली आहे. युरोपीय संघाने धुलाईयंत्रांच्या बाबतीत २०२१ पासूनच महत्त्वाच्या सुट्या भागांसाठी दहा वर्षांची मुदत घातली. नमुन्याच्या शेवटच्या वर्षी ड्रायर घेणाऱ्या कुटुंबाला कॅलिफोर्नियाची ही सात वर्षे फारच अपुरी पडतील. चांगले वापरलेले यंत्र पंधरा-वीस वर्षे चालते, आणि रोलर व कप्पी बोलू लागतात ते बहुधा त्या आयुष्याच्या मध्यावर, म्हणजे नेमके कायद्याचे संरक्षण संपता संपता. ही मुदत किमान पंधरा वर्षांची व्हावी, आणि पेटीतला तो घडीचा कागद प्रत्येक यंत्रात पुन्हा सक्तीने ठेवला जावा.